जोनाथन एडवर्ड्स : दोन पदांमधले वर्ष

अमेरिकन साहित्याच्या पेपरात जोनाथन एडवर्ड्स आपल्याला भेटतात ते बहुधा एकाच प्रवचनातून. 1741 साली एनफिल्ड येथे केलेले ते प्रवचन वाचले की नरकाग्नीचे भय दाखवणारा एक उग्र धर्मोपदेशक डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि परीक्षेपुरते तेवढे पुरतेही. पुढे त्यांचे चरित्र वाचताना मला निराळाच माणूस दिसला. हा माणूस ऐन शेहेचाळिशीत नोकरी गेलेला, मोठ्या कुटुंबाचा कर्ता होता. माझा थोरला भाऊ दीड वर्ष घरी बसून आहे, म्हणूनही असेल. पण त्या चरित्रातला तोच काळ मला सर्वांत मोलाचा वाटला.

एडवर्ड्स यांचा जन्म 5 ऑक्टोबर 1703 रोजी कनेक्टिकटमधील ईस्ट विंडसर येथे झाला. वडील पाळक, आईचे वडीलही पाळक. दहा बहिणींत हा एकुलता मुलगा. येल येथील शिक्षण संपवून 1727 साली ते मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन गावी आजोबा सॉलोमन स्टॉडर्ड यांच्या हाताखाली रुजू झाले. 1729 साली आजोबा वारले आणि सारी मंडळी त्यांच्याकडे आली. 1734-35 च्या धर्मजागृतीने या लहानशा गावाचे नाव समुद्रापार इंग्लंड-स्कॉटलंडपर्यंत पोहोचवले.

मग बिनसले कुठे? पगारावरून कुरबुरी होत्याच. पण खरा तंटा पेटला तो प्रभुभोजनावरून. सदाचाराने वागणाऱ्या कोणालाही त्यात भाग घेण्याची मोकळीक आजोबांनी दिली होती. नातवाला ते पटेनासे झाले. ज्याने आपल्या श्रद्धेची मनापासून जाहीर ग्वाही दिली, त्यालाच तो अधिकार, असे त्यांनी ठरवले आणि 1749 साली त्यावर पुस्तकही लिहिले. गावाने पुस्तक वाचले कमी, राग धरला जास्त. जून 1750 मध्ये शेजारच्या मंडळ्यांच्या परिषदेने एका मताच्या फरकाने त्यांच्याविरुद्ध कौल दिला. गावच्या सभासदांत तर सुमारे 230 विरुद्ध आणि अवघे 23 बाजूने! 22 जून रोजी तेवीस वर्षांची सेवा संपली. घरात दहा मुले, त्यांतले धाकटे जेमतेम अडीच महिन्यांचे.

स्कॉटलंडमधील मित्र जॉन अर्स्किन यांना त्यांनी पत्रातून आपली स्थिती कळवली. अभ्यासाखेरीज दुसऱ्या कोणत्याही धंद्याला आपण लायक नाही, हे त्यांनी त्यात सरळ मान्य केले. आपल्यापैकी कला शाखेच्या कितीजणांच्या मनात हीच धास्ती असते! अर्स्किन यांनी स्कॉटलंडमध्ये जागा मिळवून देण्याची तयारी दाखवली. पण एवढा संसार उचलून या वयात परदेशी जाण्याचे एडवर्ड्स यांना धाडस होईना.

यापुढची गोष्ट वाचून मी थबकलो. नवा पाळक मिळेना, तेव्हा गावाने याच बडतर्फ माणसाला रविवारपुरते उपदेशासाठी बोलावले, आणि एडवर्ड्स गेले. ज्यांनी हात वर करून आपल्याला काढले त्यांच्यासमोर, त्याच व्यासपीठावर, आठवड्याच्या बोलीने ते उभे राहिले. नोव्हेंबरमध्ये गावाने तेही बंद केले. आपल्याकडे नोकरी सुटलेला माणूस जुन्या कचेरीच्या रस्त्यानेही जात नाही. एडवर्ड्स यांना अपमान कळत नव्हता असे नव्हे. पण पद गेले तरी काम आपलेच आहे, अशी त्यांची धारणा असावी.

घर तगवले ते घरच्या बायकांनी. पत्नी सारा आणि मुली लेस विणीत, कागदी पंखे रंगवीत, आणि तो माल विक्रीला बोस्टनला जाई. त्या पंख्यांच्या कागदाची कातरणेही वाया गेली नाहीत. एडवर्ड्स यांनी ती शिवून वह्या केल्या आणि त्यांवर टिपणे लिहिली. येल विद्यापीठाच्या संग्रहात अशी हस्तलिखिते आहेत.

गावातल्या थोड्या समर्थकांची इच्छा होती की त्यांनी तेथेच दुसरी मंडळी काढावी. पोटाचा प्रश्न त्याने सुटला असता. पण गाव कायमचे दुभंगले असते. ते त्या वाटेने गेले नाहीत. डिसेंबर 1750 मध्ये पश्चिम सरहद्दीवरील स्टॉकब्रिजचे बोलावणे आले. तेथे मोहिकन आदिवासींची वस्ती होती आणि दुभाष्यामार्फत उपदेश करायचा होता. नामांकित विद्वानाला ही पायउतारच म्हणायची. तरी ऑगस्ट 1751 मध्ये त्यांनी ते पद रीतसर स्वीकारले. नॉर्थॅम्प्टनचे घर लवकर विकले जाईना, कर्ज डोक्यावर राहिले. पण इच्छास्वातंत्र्यावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ त्याच आडगावी लिहून झाला आणि 1754 साली प्रकाशित झाला. विरोधकांचा पुढारी असलेला त्यांचा मावसभाऊ जोसेफ हॉली याने पुढे वर्तमानपत्रातून जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. पण ते पत्र छापून येईतो 1760 साल उजाडले होते. प्रिन्स्टनच्या कॉलेजचे अध्यक्षपद स्वीकारून एडवर्ड्स 22 मार्च 1758 रोजी, देवीची लस टोचून घेतल्यानंतर, निवर्तले होते.

त्यांना मी देवत्व देऊ इच्छित नाही. त्यांच्या घरी विकत आणलेले गुलाम होते. 1731 साली एक मुलगी त्यांनी स्वतः खरेदी केली होती. धर्माच्या इतक्या बारीक प्रश्नावर नोकरी पणाला लावणाऱ्याला हा ढळढळीत अन्याय दिसू नये, हे बोचतेच. शिवाय थोडे नमते घेतले असते तर घरच्यांचे हाल टळले असते, असे कोणी म्हटले तर तेही खोटे नव्हे.

तरीही एक गोष्ट उरते. बेकारी माणसाचे उत्पन्न नेते, त्याबरोबर आपण कोण ही ओळखही हळूहळू नेते. भावाकडे पाहताना मला ते रोज दिसते. एडवर्ड्स यांनी उत्पन्न गमावले, ओळख सोडली नाही. रविवार मिळाला तर उपदेश केला, कातरण मिळाले तर लेखन केले, आडगाव मिळाले तर आडगावी गेले. आणि हे त्यांनी एकट्याच्या बळावर केले नाही. पंखे रंगवणारे हात घरात होते. पदवी घेऊन बाहेर पडताना आपण अर्ज लिहायला शिकतो. मधल्या रिकाम्या दिवसांत आपले काम कसे धरून ठेवायचे, आणि घरात कोणी तसे बसले असेल तर त्याच्यासाठी आपले हात कसे चालवायचे, तेही शिकायला हवे.