आंरी पितो : वेगाला उंचीत मोजणारा अभियंता

ताशी 300 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारीच्या नाकाडावर, चालकाच्या पुढ्यात, एक बारीकशी नळी समोर तोंड करून बसविलेली असते. मोटार जमिनीवरून किती वेगाने जात आहे हे चाकांच्या फेऱ्या मोजून कळते. परंतु समोरची हवा तिच्या अंगावर किती वेगाने येत आहे, हे चाकांना सांगता येत नाही. ते काम या नळीचे. तिचा पहिला अवतार सुमारे तीनशे वर्षांपूर्वी हवेत नव्हे, पॅरिसच्या सीन नदीच्या पाण्यात उतरला होता. तो उतरविणाऱ्या आंरी पितो यांचे नाव आज जगातील प्रत्येक विमानतळावर उच्चारले जाते. इंग्रजी वळणाच्या पुस्तकांतून आपण ते ‘पिटॉट’ असे वाचतो, एवढाच फरक.

पितो यांचा जन्म 3 मे 1695 रोजी दक्षिण फ्रान्समधील ऱ्होन नदीकाठच्या आरामाँ या गावी झाला. बालपणी त्यांना शिक्षणाची मुळीच गोडी नव्हती. शाळा त्यांना रुचली नाही आणि पुढे काही काळ ते सैन्यात गेले. अशा या तरुणाच्या हाती ग्रनोब्ल येथील एका पुस्तकविक्रेत्याकडे भूमितीचे एक पुस्तक पडले आणि त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली. घरी परतून त्यांनी गणित आणि खगोलशास्त्राचा अभ्यास आरंभिला. जे मन वर्गात रमले नव्हते, ते आता वर्षानुवर्षे आकृत्यांत आणि ताऱ्यांत गुंतून राहिले. प्रस्तुत लेखकास त्यांच्या चरित्रातील हा भाग त्यांच्या शोधाइतकाच विलक्षण वाटतो.

1718 मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञाने त्यांना आश्रय दिला आणि आपला ग्रंथसंग्रह त्यांना खुला केला. 1723 मध्ये ते विज्ञान अकादमीच्या रसायनशाळेत त्यांचे सहायक झाले आणि 1724 मध्ये अकादमीत त्यांची निवड झाली. वर्तुळाभोवती काढलेल्या, चारही बाजू वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या चौकोनाच्या समोरासमोरील बाजूंच्या बेरजा समान असतात, हे प्रमेय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आपल्या दहावीच्या विद्यार्थ्यांनी स्पर्शिकाखंडांचे प्रमेय चार कोपऱ्यांवर चार वेळा वापरून पाहावे. सिद्धता आपोआप हाती येते.

मात्र त्यांची कीर्ती अवलंबून आहे ती 1732 च्या कामगिरीवर. नदीचा वेग मोजणे त्या काळी सोपे नव्हते. पाण्यावर काही तरंगते सोडून ते ठरावीक अंतर किती वेळात कापते हे पाहिले जाई, पण त्यातून वेग कळे तो फक्त पृष्ठभागाचा. तळाशी काय चालले आहे, याविषयी तर्कच होते. टाकीला खालच्या बाजूस भोक पाडले असता पाणी अधिक जोराने उसळते, हे तोरिचेल्ली यांनी दाखवून दिले होते. त्यावरून नदीतही जसजसे खोल जावे तसतसा प्रवाह वेगवान असला पाहिजे, असे अनेक विद्वान अभियंते मानीत. या मतावर पूल आणि बंधारे यांची गणिते मांडली जात होती. मत चुकीचे असेल तर गणितही चुकणार होते.

पितो यांनी लाकडी दांड्यावर काचेच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसविल्या. एक सरळ, दुसरी खालच्या टोकाशी काटकोनात वळविलेली. वळलेले तोंड प्रवाहाच्या समोर धरायचे. सरळ नळीत पाणी नदीच्या पातळीइतके राहते. वळलेल्या नळीत मात्र प्रवाह आत घुसू पाहतो, तेथे अडतो आणि त्याचा वेग उंचीत रूपांतरित होतो. दोन्ही नळ्यांतील पाण्याच्या उंचीतला फरक म्हणजेच वेगाचे माप. सेकंदाला 1 मीटर वाहणारे पाणी या नळीत सुमारे 5 सेंटिमीटर चढते. वेग दुप्पट झाला की उंची चौपट, म्हणजे सुमारे 20 सेंटिमीटर. हे साधन घेऊन ते सीनच्या पात्रात निरनिराळ्या खोलींवर मोजमाप करीत गेले. आढळले ते रूढ मताच्या नेमके उलट : तळाकडे जाताना प्रवाह मंदावत होता. वर्षानुवर्षांच्या वादाचा निकाल हातभर काचेने लावला. नोव्हेंबर 1732 मध्ये त्यांनी अकादमीपुढे आपला निबंध वाचला.

त्यांचे उपकरण निर्दोष नव्हते, हेही सांगितले पाहिजे. नळीतील पाणी सतत हेलकावे खाई आणि सरळ नळीच्या तोंडाशी प्रवाह विस्कटल्याने माप बिघडे. शतकानंतर आंरी दार्सी या दुसऱ्या फ्रेंच अभियंत्याने तोंडे बारीक केली आणि नळ्यांना तोटी बसविली. तोटी बंद केली की पाणी आहे त्या उंचीवर थांबे आणि नळी बाहेर काढून सावकाश वाचता येई. क्षणाचे माप धरून ठेवण्याची ही युक्ती पुढच्या सर्व नोंदयंत्रांची पूर्वज मानावयास हरकत नाही.

1740 मध्ये पितो यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्याच सुमारास लांगदोक प्रांताने त्यांना आपल्या बांधकामांची आणि मिदी कालव्याची देखरेख सोपविली. पाँ द्यू गार या रोमन जलसेतूला लागून त्यांनी रस्त्याचा पूल उभारला आणि माँपेल्ये शहरास सुमारे 14 किलोमीटरवरून झऱ्याचे पाणी आणणारा जलसेतू बांधला. त्याच्या दगडी कमानी आजही शहरात उभ्या आहेत. उतारवयात ते आरामाँला परतले आणि 27 डिसेंबर 1771 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत माणूस आकाशात उडाला नव्हता, मोटारही धावली नव्हती.

हवा पाण्याहून सुमारे आठशेपट विरळ. तरीही नियम तोच. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनावर हवेचा जो दाब येतो, तो पाण्याला सुमारे 5 सेंटिमीटर चढवितो, जवळजवळ तेवढाच जेवढा सेकंदाला 1 मीटर वाहणारी नदी चढविते. ताशी 300 किलोमीटरला हा आकडा सुमारे 43 सेंटिमीटर होतो. शर्यतीच्या मोटारीत पाण्याची नळी अर्थातच नसते. समोरून येणाऱ्या हवेचा दाब आणि आजूबाजूच्या हवेचा स्थिर दाब यांतील फरक एक संवेदक विद्युत संकेतात बदलतो आणि तो सेकंदातून अनेकदा, चाकांच्या वेगाबरोबरच, नोंदला जातो. शर्यतीनंतर अभियंते दोन्ही रेषा शेजारी ठेवतात. चाके 300 दाखवीत असताना नळी 320 दाखवीत असेल, तर समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा होता आणि मोटारीला मागे रेटणारा व जमिनीकडे दाबणारा असा हवेचा दोन्ही प्रकारचा भार सुमारे 14 टक्क्यांनी वाढला होता. ही नोंद नसेल, तर मोटार मंदावली ती इंजिनामुळे, पंखांच्या कोनामुळे की वाऱ्यामुळे, हे सांगणे कठीण.

नळी मोटारीच्या अंगाने ढवळलेल्या हवेत असून चालत नाही. म्हणून ती पुढे, स्वच्छ हवेत बसवितात. तिचे तोंड मोकळे असणे तर प्राणांइतके महत्त्वाचे. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातून निघालेले एक प्रवासी विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच समुद्रात कोसळले आणि 189 जण मृत्युमुखी पडले. वैमानिकाच्या बाजूचा वेगदर्शक चुकीचा आकडा दाखवीत होता. अनेक दिवस उभ्या असलेल्या त्या विमानाच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले असावे, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. म्हणूनच उभ्या विमानाच्या नळीवर टोपण आहे ना, आणि उड्डाणापूर्वी ते काढले ना, हे तपासताना हयगय करून चालत नाही.