थोड्या जागेचा संसार : गॅरी किल्डॉल

नफा-तोटा पत्रकावरून धंद्याची पारख करायला आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून शिकवतात. पण ज्यांचे कर्तृत्व त्या पत्रकात मावत नाही अशीही माणसे असतात. संगणकशास्त्रज्ञ गॅरी किल्डॉल हे त्यांपैकी एक.

१९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे त्यांचा जन्म झाला. घराण्याची नौकानयनाची शाळा होती. गॅरींनीही तेथे काही काळ शिकवले. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात गणित शिकता शिकता ते संगणकाकडे ओढले गेले. नौदलाच्या मॉन्टेरी येथील पदव्युत्तर विद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि १९७२ साली डॉक्टरेट मिळवली. संगणकाची आज्ञावली यंत्रभाषेत उतरवतानाच तिच्यातील फाजील काम कसे कमी करावे, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. काटकसरीचा हा संस्कार त्यांना जन्मभर पुरला.

इंटेल कंपनीच्या चिमुकल्या प्रोसेसरांनी त्यांना भुरळ घातली. १९७४ साली त्यांनी ८०८० या प्रोसेसरसाठी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. या प्रोसेसरला फार तर ६४ किलोबाइट मेमरी वापरता येई आणि मेमरी तर महाग. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमने कमीत कमी जागा अडवायची! तिच्या २.२ या आवृत्तीत आज्ञा वाचणारा भाग २ किलोबाइटचा आणि फाइलींचा व्यवहार पाहणारा गाभा साडेतीन किलोबाइटचा होता. गरज पडल्यास चालू प्रोग्रॅमने पहिल्या भागाची जागाही वापरावी व काम संपल्यावर तो डिस्कवरून पुन्हा आणावा, अशी सोय होती.

पण प्रत्येक कारखानदाराचे यंत्र निराळे. १९७६ च्या सुमारास इम्साय कंपनीच्या यंत्राचे काम करताना, यंत्रागणिक बदलणारा तेवढा भाग वेगळा काढण्यात आला. त्याचे नाव बायॉस. आमच्या भाषेत सांगायचे तर स्थिर खर्च एका खात्यात आणि बदलता खर्च दुसऱ्या खात्यात!

सीपी/एमबरोबर येणाऱ्या असेंब्लरमध्ये आणखी एक सोय होती. ‘इफ’ आणि ‘एंडिफ’ या दोन शब्दांच्या मध्ये लिहिलेल्या ओळी, अट खरी असेल तरच यंत्रभाषेत उतरत. ही युक्ती मोठ्या संगणकांवर पूर्वीपासून होती, पण लहान यंत्रात तिचे मोल अधिक. याच अंकाचे उदाहरण घ्या. मराठी आणि कन्नड असे दोन्ही विभाग एकत्र बांधले आहेत. एकच भाषा वाचणाऱ्यालाही दोन्हींचे वजन उचलावे लागते. वाचकाची भाषा छपाईपूर्वीच विचारली, तर दुसरी पाने छापलीच जाणार नाहीत. आपल्या अंकाचे तसे कधी होऊ नये. परंतु लहान यंत्राला एकेक बाइट मोलाचा असतो. प्रोग्रॅम चालू असताना अट तपासली तर दोन्ही वाटा मेमरीत जागा अडवतात. आधीच तपासली तर नको असलेली वाट शून्य जागा घेते.

किल्डॉल आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी काढलेली डिजिटल रिसर्च ही कंपनी भरभराटीला आली. १९८० साली आयबीएमशी बोलणी झाली, पण ती फिसकटली. त्या दिवशी नेमके काय घडले याबद्दल सांगणाऱ्यांत आजही मतभेद आहेत. पुढे आयबीएमच्या यंत्रासाठी सीपी/एमही विक्रीस आली, पण २४० डॉलरना. मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली डॉस मात्र ४० डॉलरना. ग्राहकाने काय उचलले हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. १९९१ साली डिजिटल रिसर्च नॉव्हेल कंपनीने विकत घेतली. ११ जुलै १९९४ रोजी, अवघ्या बावन्नाव्या वर्षी, किल्डॉल निवर्तले. पॅसिफिक ग्रोव्ह येथे त्यांच्या कामाचा स्मृतिफलक बसला तो २०१४ साली.

हुकलेल्या सौद्याचा माणूस एवढीच ओळख बहुतेक ठिकाणी त्यांच्या वाट्याला येते. तोटा खरा आहे, तो लपवायचे कारण नाही. पण आज लहान उपकरणांत चालणाऱ्या फ्रीआरटीओएससारख्या गाभ्यातही एका फाइलीत १ किंवा ० लिहून कोणती सुविधा ठेवायची, कोणती गाळायची ते आधीच ठरवतात. थोड्या जागेत नेटका संसार करण्याची ती विद्या अजून जिवंत आहे, आणि किल्डॉल तिचे एक थोर अध्यापक होते. मित्रहो, त्यांचा ताळेबंद मांडताना जमेच्या बाजूला एवढे तरी लिहू या.