आनंदवनाचे बाबा

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट या गावी २६ डिसेंबर १९१४ रोजी मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म झाला. घरी जमीनजुमला होता, नोकरचाकर होते, कशाचीही ददात नव्हती. आईवडील त्यांना लाडाने बाबा म्हणत. पुढे हेच नाव साऱ्या देशाच्या ओठी बसले. तरुणपणी बाबांना शिकारीचा नाद होता, वेगाने मोटार हाकण्याची हौस होती आणि चित्रपटांवर लेख लिहिण्याचा छंद होता. परंतु या ऐषारामातही त्यांना एक गोष्ट खटकत असे. घरच्या गड्यांच्या मुलांबरोबर आपण खेळू नये, हा घरचा दंडक त्यांच्या मनाने कधीच मानला नाही.

नागपूरला कायद्याचे शिक्षण घेऊन बाबांनी वरोरा येथे वकिली सुरू केली. वकिली उत्तम चालली. पण मन तीत रमेना. दिवसभर राबणाऱ्या शेतमजुराला जे महिनाभरात मिळत नाही, ते आपण चार शब्द बोलून मिळवतो, ही जाणीव त्यांना बोचू लागली. याच काळात सेवाग्रामला गांधीजींचा सहवास लाभला. स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांनी उडी घेतली. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे हाल जवळून कळावेत, म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावरून मैल्याची पाटी वाहिली. १९४६ साली इंदू घुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

अशा निर्भय माणसाच्या आयुष्यात एके दिवशी भीतीने प्रवेश केला. पाऊस कोसळत होता. रस्त्याच्या कडेला चिखलात एक मनुष्य पडलेला बाबांना दिसला. कुष्ठरोगाने त्याची बोटे झडून गेली होती. अंगावरील जखमांत किडे वळवळत होते. त्याचे नाव तुळशीराम. त्याला पाहताच बाबांच्या अंगावर शहारा आला आणि ते तेथून पळाले. घरी गेल्यावर मात्र त्यांना चैन पडेना. इंग्रजांच्या बंदुकीला न भ्यालेले आपण एका असहाय जिवाला भ्यालो, या विचाराने त्यांना स्वतःची लाज वाटली. ते परत गेले. त्यांनी तुळशीरामवर आडोसा उभारला, त्याच्या जखमा धुतल्या, त्याला अन्न भरवले. तुळशीराम वाचला नाही. परंतु जाता जाता त्याने बाबांच्या आयुष्याची दिशा बदलून टाकली.

कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, हे नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली शोधून काढले होते. या रोगात मज्जातंतू निकामी होतात आणि हातापायांची संवेदना जाते. विस्तवाचा चटका वा काट्याची टोच रोग्याला कळत नाही. जखमा चिघळतात आणि हळूहळू बोटे नष्ट होतात. हा रोग सहजासहजी दुसऱ्याला जडत नाही. तरीही लोक त्याला पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानीत आणि रोग्याला घराबाहेर काढीत. कायदाही त्याच्या बाजूचा नव्हता. इंग्रज सरकारने १८९८ साली कुष्ठरोग्यांविषयी एक कायदा केला होता. सरकार जेथे तसा हुकूम काढील, तेथे कुष्ठरोग्याला खाण्याचे पदार्थ वा कपडे विकण्यास, सार्वजनिक विहिरीचे पाणी घेण्यास आणि भाड्याचे वाहन हाकण्यास मनाई होती. भीक मागणाऱ्या निराधार रोग्याला पकडून आश्रमात कोंडण्याची तरतूदही त्यात होती. एकीकडे काम करू द्यायचे नाही आणि दुसरीकडे भीक मागितली म्हणून धरायचे, अशा कात्रीत हा माणूस सापडला होता.

बाबांनी ही कोंडी फोडण्याचे ठरविले. वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण कुष्ठसेवेचे काम करीत होते. तेथे बाबांनी पहिले धडे घेतले. त्यानंतर कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयात त्यांनी या रोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली. वरोरा तेव्हा मध्यप्रदेश राज्यात होते. तेथील सरकारने वरोऱ्याजवळची पन्नास एकर जमीन संस्थेला दिली. ती जमीन म्हणजे दगडधोंडे आणि काटेरी झुडपांचे रान होते; साप, विंचू आणि वाघ यांचा तेथे वावर होता. १९५१ साली सहा रोगी, एक लंगडी गाय, खिशातील चौदा रुपये आणि दोन लहानग्या मुलांना घेऊन बाबा आणि साधनाताई तेथे राहावयास गेले. विनोबा भावे यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्या उजाड माळाला बाबांनी नाव दिले आनंदवन.

पहिली गरज पाण्याची होती. कडक उन्हाळ्यात बाबा आणि त्यांचे सोबती विहीर खणू लागले. ज्यांच्या हातांना बोटे नव्हती, त्यांनी मनगटांत टोपली धरून माती वाहिली. ज्याला जे जमेल ते त्याने करावे आणि जे जमणार नाही ते सोबत्याने पुरे करावे, असा तेथील नियम होता. अखेर पाणी लागले. रानाचे शेत झाले. भिक्षेने पोट भरते. पण माणूस ताठ मानेने उभा राहत नाही, अशी बाबांची धारणा होती. म्हणून औषधाइतकेच महत्त्व त्यांनी कामाला दिले.

पण केवळ पीक काढून भागत नाही. ते विकलेही गेले पाहिजे. खरी कसोटी येथेच लागली. आनंदवनात भाजीपाला भरपूर पिकू लागला, तरी वरोऱ्याच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळेना. रोग्यांनी पिकविलेली भाजी खाण्याची लोकांना धास्ती वाटे. घाम गाळून पिकविलेला माल परत आणावा लागे, तेव्हा त्या माणसांच्या मनाला काय वाटत असेल! पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतील तरुण आनंदवनात आले. त्यांनी रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून रुग्णालयाच्या इमारती बांधल्या. तेथेच ते राहिले, तेथेच पिकलेले अन्न जेवले. गावकरी हे नवल पाहावयास येऊ लागले. परदेशची धडधाकट मुले हे अन्न खातात आणि त्यांना काही होत नाही, हे पाहून त्यांची भीती ओसरली आणि आनंदवनाची भाजी बाजारात विकली जाऊ लागली. जे काम उपदेशाने झाले नसते, ते प्रत्यक्ष उदाहरणाने झाले.

यानंतर आनंदवन वाढत गेले. हातमाग, सुतारकाम, लोहारकाम, पत्र्याचे काम, छपाई असे उद्योग तेथे सुरू झाले. अंधांसाठी आणि मूकबधिरांसाठी शाळा निघाल्या. अपंगांना धंद्याचे शिक्षण देण्यासाठी संधिनिकेतन उभे राहिले. आनंदवनाच्या परिसरात महाविद्यालयही निघाले आणि ज्या गावाने एके काळी भाजी नाकारली होती, त्याच गावची मुले तेथे शिकावयास येऊ लागली. पुढे सोमनाथ येथे शेतीचा प्रकल्प आणि १९७३ साली हेमलकसा येथे आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला.

बाबांचे स्वतःचे शरीरही त्यांना साथ देईनासे झाले. पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांना बसणे अशक्य झाले. एक तर उभे राहावे, नाही तर आडवे व्हावे, एवढेच शक्य होते. तरीही डिसेंबर १९८५ मध्ये त्यांनी तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा काढली. बहुतेक प्रवास त्यांनी गाडीत झोपून केला. १९८५ साली मॅगसेसे पुरस्कार आणि १९९९ साली गांधी शांतता पुरस्कार देऊन त्यांचा गौरव करण्यात आला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे देहावसान झाले. ज्या मातीत त्यांनी घाम गाळला, त्याच मातीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

आनंदवनात जे घडले, त्या दिशेने देशाच्या कायद्यानेही सावकाश पावले टाकली. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी कायदा झाला. त्यात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तींची गणना झाली आणि सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी किमान ३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. १८९८ चा जुना कायदा काही राज्यांनी आधीच मोडीत काढला होता; संसदेने तो २०१६ साली रद्द केला. त्याच वर्षी दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा संमत झाला. त्याने राखीव जागांचे प्रमाण ४ टक्के केले आणि त्यांत कुष्ठरोगमुक्तांचा स्पष्ट उल्लेख केला. तरीही कायदा दार उघडून देतो. आत येणाऱ्याचे स्वागत करणे मात्र माणसांच्याच हाती असते. वरोऱ्याच्या बाजारात पहिली जुडी विकत घेणाऱ्या अनामिक गिऱ्हाइकानेही बाबांच्या कार्याला मोठाच हातभार लावला होता.