भाकरी, घोंगडी आणि छप्पर : गाडगेबाबांचे दान



चर्चच्या फाटकाशी, रेल्वे स्टेशनच्या पायऱ्यांवर किंवा सिग्नलला थांबलेल्या रिक्षाजवळ कोणी हात पुढे केला की आपल्या मनात एकच प्रश्न उभा राहतो. द्यावे की देऊ नये? कोणी म्हणतात, दिलेला पैसा दारूत जातो. कोणी म्हणतात, धडधाकट माणसाला पैसे दिले तर त्याला फुकटची सवय लागते. कोणाला वाटते की देवाच्या नावाने मागणाऱ्याला नाही म्हणणे हे पाप आहे. एकाच घरात नवरा-बायकोचेही यावर एकमत नसते, आणि मुले मात्र आपण काय करतो ते गुपचूप पाहत असतात.

या प्रश्नाकडे आज आपण एका माणसाच्या जीवनातून पाहू. ते ख्रिस्ती नव्हते, वारकरी कीर्तनकार होते. पण भुकेला, तहानलेला, उघडा, परका आणि आजारी यांच्याविषयी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशूने जे सांगितले, ते या माणसाने आयुष्यभर हाताने करून दाखवले. आपल्या सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरशी त्यांचे जवळचे नाते होते. ते म्हणजे संत गाडगेबाबा.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट समाजाच्या एका गरीब कुटुंबात. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले. त्या व्यसनात घरदार धुऊन निघाले आणि अखेर त्यांचा जीवही गेला. डेबू तेव्हा लहान होता. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आली. तेथे मामाची गुरे राखणे, शेतात राबणे हेच डेबूचे शिक्षण झाले. शाळा त्याने कधी पाहिली नाही. पुढे सावकाराच्या कर्जात मामाची शेतीही गेली. दारू आणि कर्ज माणसाला रस्त्यावर कसे आणतात, हे या मुलाने कोणाच्या प्रवचनातून ऐकले नव्हते. आपल्या घरातच पाहिले होते.

डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू आणि मटणाचे जेवण घालण्याची रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि गोडाचे जेवण घातले. लोक रागावले, पण ते बधले नाहीत. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हातारी आई, बायको आणि मुले मागे ठेवून त्यांनी घर सोडले. घरच्यांना हे किती जड गेले असेल याची कल्पना आपण करू शकतो. बाबांच्या जीवनाचा गौरव करताना कुंताबाईंच्या वाट्याला आलेले कष्ट आपण विसरू नयेत.

यानंतर ते चिंध्या शिवलेला अंगरखा घालून गावोगाव फिरू लागले. हातात खराटा, आणि डोक्यावर किंवा हातात फुटक्या मडक्याचे खापर. याच गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. अशा वेशात ते गावात शिरले की लोकांना ते वेडे किंवा भिकारी वाटत. कोणी हाकलून देई, कोणी कुत्री अंगावर सोडी. आज आपण ज्यांच्या नावाने विद्यापीठ आणि स्वच्छता अभियान पाहतो, तो माणूस तेव्हा आपल्या दाराशी आला असता तर आपण त्याला ओळखले असते का? हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारू या.

बाबांची एक रीत होती. गावात पाऊल टाकले की आधी गटारे आणि रस्ते झाडायचे, मगच भाकरी मागायची. मिळेल ती कोरडी भाकर खापरात घ्यायची आणि झाडाखाली बसून खायची. संध्याकाळी कीर्तन करायचे. त्यात ते लोकांना प्रश्न विचारून हसवीत आणि मग त्यांच्याच तोंडून त्यांच्या चुका वदवीत. दारू पिऊ नका, देवापुढे बकरे कापू नका, कर्ज काढून सण आणि लग्ने करू नका, मुलांना शाळेत घाला, शिवाशीव पाळू नका, हाच त्यांचा विषय असे. लोकांनी पायावर ठेवलेला पैसा त्यांनी स्वतःसाठी वापरला नाही. मुळात ते कोणाला पाया पडूच देत नसत.

मग जमलेल्या पैशाचे त्यांनी काय केले? आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला येथूनच सुरुवात करावी लागेल.

विदर्भात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. यात्रेला आंधळे, पांगळे, महारोगी मोठ्या संख्येने येत आणि हात पसरून बसत. यात्रेकरू पुण्य मिळावे म्हणून काहीतरी टाकून पुढे जात. बाबांनी तेथे या लोकांसाठी अन्नदान सुरू केले. त्यांना पंगतीत बसवले, पोटभर वाढले, पांघरायला दिले. नदीवर लोक घसरून पडत, म्हणून घाट बांधून घेतला. पुढे नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर अशा यात्रेच्या ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, सदावर्ते चालवली. मूर्तिजापूरला गोरक्षण सुरू केले. शाळा आणि वसतिगृहांना साहाय्य मिळवून दिले. अक्षरशत्रू असलेल्या या माणसाने शाळेसाठी घातलेली तळमळ पाहून शिकलेली माणसे लाजत.

पंढरपूरची गोष्ट आपल्याला विशेष जवळची आहे. आपल्या शहरापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर असलेल्या या गावात आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी येतात. त्या काळी दलित वारकऱ्यांना मंदिरात प्रवेश नव्हता आणि धर्मशाळांतही जागा मिळत नसे. मैलोगणती चालून आलेली ही माणसे, लेकराबाळांसह, चंद्रभागेच्या वाळवंटात उघड्यावर झोपत. पाऊस आला तर भिजत. बाबांनी त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधली आणि तिला मंगळवेढ्याच्या संत चोखामेळ्याचे नाव दिले. १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले ते १९४७ साली. त्याच्या कितीतरी वर्षे आधी बाबांनी त्या लोकांच्या डोक्यावर छप्पर घातले होते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. वाळवंटात झोपणारी ती माणसे आळशी नव्हती. त्यांना कोणी आत घेत नव्हते, म्हणून ती बाहेर होती. आज आपल्या शहरात पुलाखाली किंवा फलाटावर झोपणारा माणूस तेथे कसा पोहोचला, हे आपण कधी विचारतो का? कोणाची गिरणी बंद पडली, कोणाला मुलांनी घराबाहेर काढले, कोणाला मानसिक आजार आहे, कोणी दुष्काळात गाव सोडून आला. दारू असतेच, पण पुष्कळदा ती रस्त्यावर आल्यानंतर सुरू होते.

बाबांच्या वैयक्तिक जीवनातील दोन प्रसंग सांगायला हवेत. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना त्यांचा मुलगा गोविंद वारल्याची बातमी आली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. असे लाखो लोक मरतात, एकासाठी किती रडावे, अशा अर्थाचे बोलून ते पुढे गेले. आपल्याला हे कठोर वाटेल. पण स्वतःच्या मुलाला जे प्रेम द्यायचे तेच त्यांनी रस्त्यावरच्या माणसाला दिले होते, हेही खरे. दुसरे असे की, एवढ्या धर्मशाळा बांधूनही त्यांतील एका खोलीवरही त्यांनी आपल्या कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. गरिबांच्या नावाने आलेला पैसा गरिबांचाच, हा हिशेब त्यांनी कधी चुकू दिला नाही.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही त्यांच्या प्रयत्नाने धर्मशाळा झाली. खेड्यातून रोग्याला घेऊन आलेले नातेवाईक फुटपाथवर झोपतात, हे त्यांनी पाहिले होते. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे येथे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांनी शेवटचे कीर्तन केले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांचा प्राण गेला. घर सोडलेल्या या माणसाला मरणही रस्त्यावरच आले. त्यांची समाधी अमरावतीत आहे. २००० साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. दारू पितात म्हणून देऊ नये, असे म्हणण्याचा सर्वात मोठा अधिकार कोणाला असेल तर तो बाबांना होता. दारूने त्यांचे बालपण खाल्ले होते. कीर्तनात ते दारूवर तुटून पडत. पण त्या कारणाने त्यांनी भुकेल्याला पंगतीतून उठवले नाही. कष्टाचा आग्रहही त्यांच्याइतका कोणी धरला नाही, कारण स्वतः झाडलोट केल्याशिवाय ते भाकरीला हात लावीत नसत. तरीही आंधळ्या-पांगळ्यांना त्यांनी आधी काम करा असे सांगितले नाही. ज्याला हातपाय चालवता येतात त्याला काम मिळवून द्यावे, ज्याला येत नाहीत त्याला सांभाळावे, ही त्यांची वाटणी होती. कष्टाचा नियम त्यांनी आधी स्वतःला लावला. आपण मात्र तो बहुतेक वेळा समोरच्यालाच लावतो.

बाबांच्या दानात आपल्याला दिसते ती भाकरी, घोंगडी आणि छप्पर. हे दान नाण्यापेक्षा महाग आहे. त्याला वेळ लागतो, माणसे जमवावी लागतात, हिशेब ठेवावा लागतो. खिशातली सुटी नाणी टाकून पुढे जाणे सोपे असते. पण पैसे देणे चुकीचे असे म्हणून काहीच न देणे त्याहूनही सोपे असते, हे आपण मान्य केले पाहिजे. बाबांचे उदाहरण देऊन कोणी खिसा बंद करू लागला, तर तो बाबांवर अन्याय होईल.

आपल्या ख्रिस्तसभेतही हा विचार झाला आहे. २०१७ साली मिलान येथील बेघरांच्या मासिकाला दिलेल्या मुलाखतीत दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी स्पष्ट केले होते की मागणाऱ्याला देणे केव्हाही योग्यच. आणि देताना नाणे फेकू नये, त्याच्या डोळ्यांत पाहावे, हाताला हात लागू द्यावा, असे त्यांचे सांगणे होते. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीचे सभासद तर गरिबाच्या घरी जाऊन त्याची चौकशी करतात. पोप फ्रान्सिस यांचे नाणे आणि गाडगेबाबांची पंगत यांत आम्हाला विरोध दिसत नाही. दोघांनीही माणसाकडे पाहिले. नाणे दिले तर ती ओळखीची सुरुवात असावी, सुटकेचा मार्ग नसावा.

कायद्याचेही थोडे सांगतो. बाबांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १९५९ साली, मुंबई राज्यात भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यानुसार भिकाऱ्याला पकडून ठेवता येते. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरत्या या कायद्याच्या शिक्षेच्या तरतुदी रद्द केल्या, कारण गरिबी हा गुन्हा ठरू शकत नाही. त्याआधी २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा असावा असे सांगितले होते. २०११ च्या जनगणनेत आपल्या सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या वर होती. म्हणजे किती निवारे हवेत आणि किती आहेत, हे नगरसेवकाला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. चोखामेळा धर्मशाळेची परंपरा आजच्या काळात अशीही पुढे नेता येईल.

तेव्हा येत्या आठवड्यात आपण काय करू शकतो? नेहमी दिसणाऱ्या एका तरी माणसाचे नाव विचारावे. त्याने खाल्ले आहे का ते पाहावे आणि शक्य तर जेवण द्यावे. आजारी असेल तर सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत सोबत जावे. थंडीत घरातली एक चांगली चादर द्यावी, फाटकी नव्हे. लहान मूल भीक मागताना दिसले तर पैसे न देता खाऊ द्यावा आणि १०९८ या चाइल्डलाइनला फोन करावा. वेळ नसेल आणि खिशात पैसे असतील, तर तेही द्यावेत, मनात शिव्या न घालता. आणि फसलो असे वाटले, तर त्या दहा रुपयांचा हिशेब देवावर सोडावा.

एकट्याने करणे कठीण वाटत असेल, तर आपल्या वाडीतील किंवा गल्लीतील चार कुटुंबांनी मिळून एका माणसाची जबाबदारी घ्यावी. बाबांनीही एकट्याने धर्मशाळा बांधल्या नाहीत. त्यांनी लोकांच्या मनातली दया एकत्र केली आणि तिला भिंती व छप्पर दिले.

गरिबांमध्ये आपली वाट पाहणाऱ्या प्रभूने आपल्याला पाहणारे डोळे आणि न आखडणारा हात द्यावा, ही प्रार्थना.