वाळूची वाट

गेल्या वर्षी तोंडी परीक्षेच्या दिवशी माझी छाती एवढी धडधडू लागली की शेजारच्या मुलालाही ऐकू जाईल असे वाटले. तळहात घामाने भिजले, तोंडाला कोरड पडली, पोटात गोळा आला. माझे नाव पुकारले गेले आणि मी जिना उतरून सरळ घर गाठले. डॉक्टरांनी हृदय ठणठणीत असल्याचे सांगितले आणि रोज फिरायला जाण्याचा सल्ला दिला. ठणठणीत हृदय असे का वागते, हा प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला. पुढे ग्रंथालयात चार्ल्स डार्विनचे चरित्र हाती लागले. उत्क्रांतिवादासाठी उघडलेले ते पुस्तक मी वाचून संपवले ते त्याच्या दुखण्यासाठी!

डार्विनचा जन्म १८०९ सालचा. ‘बीगल’ जहाज २७ डिसेंबर १८३१ रोजी इंग्लंडहून निघाले, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. निघण्यापूर्वी प्लिमथ बंदरात वाट पाहत असताना त्याची छाती धडधडे, हृदयापाशी दुखे. पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली तर, या भीतीने तो त्यांच्याकडे गेलाच नाही. माझ्यासारखा जिना उतरून तो घरी गेला नाही. जवळजवळ पाच वर्षे जगभर हिंडून १८३६ साली तो परतला.

१८३७ पासून मात्र धडधड पुन्हा सुरू झाली. पुढे ओकाऱ्या, डोकेदुखी, हातापायांना कापरे आणि कमालीचा थकवाही आला. पाहुण्यांशी थोड्या उत्साहाने गप्पा झाल्या तरी रात्र वाईट जाई. या आजाराचे मूळ काय, यावर आजही तज्ज्ञांचे एकमत नाही. कोणी दक्षिण अमेरिकेतल्या किड्याने दिलेला रोग म्हणतात, कोणी दूध न पचण्याचा विकार, तर कोणी चिंताविकार. पण मनावर ताण आला की दुखणे बळावते, हे त्याला स्वतःला ठाऊक होते.

१८४२ मध्ये पत्नी एमा व मुलांसह लंडन सोडून तो डाउन या खेड्यात राहायला गेला. १८४९ साली माल्व्हर्न येथे डॉ. गली यांचा जलोपचार त्याने घेतला. थंड पाण्याने भिजवलेल्या टॉवेलने अंग घासायचे, पोटावर ओली पट्टी बांधायची, पथ्य पाळायचे, भरपूर चालायचे आणि काम कमी करायचे. त्याला बरे वाटू लागले. पण पाण्यात जादू नव्हती. दोन वर्षांनी त्याची दहा वर्षांची लाडकी लेक ॲनी त्याच माल्व्हर्नमध्ये, त्याच डॉक्टरांच्या उपचाराखाली वारली. ते दुःख त्याला जन्मभर पुरले.

खरा आराम त्याने घरीच शोधला. घरामागे झाडे लावून एक वाळूची वाट तयार केली होती. दुपारी तो तिथे फेऱ्या मारी. फेऱ्या मोजाव्या लागू नयेत म्हणून वळणावर गारगोट्यांची रास ठेवी आणि प्रत्येक फेरीला एक दगड पायाने उडवी. सकाळी ठरलेले तास काम, मग फिरणे, दुपारी आडवे होऊन एमाच्या तोंडून कादंबरी ऐकणे आणि रात्री तिच्याशी बॅकगॅमनचे दोन डाव. त्या डावांचाही त्याने हिशेब ठेवला होता. १८७६ पर्यंत त्याचे २,७९५ डाव आणि एमाचे २,४९० डाव जिंकून झाले होते!

दुखणे गेले का? नाही. १८५९ साली त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला, तेव्हाही तो इल्कलीच्या जलोपचार केंद्रात होता. १८६० मध्ये ऑक्सफर्डला त्याच्या सिद्धान्तावर गाजलेला वाद झाला, तिथे तो गेला नाही. मित्र लढले. मात्र १८८२ साली मरण येईपर्यंत त्याचे काम थांबले नाही.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्याच्या १८७२ सालच्या भावनांवरील पुस्तकासंबंधी वाचताना मिळाले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाड काचेपलीकडच्या विषारी सापासमोर त्याने तोंड नेले. हलायचे नाही, असा निश्चय केला होता. सापाने झेप घेताच तो मागे उडाला! काच आहे हे बुद्धीला ठाऊक होते, पण शरीर तिची परवानगी मागत बसले नाही. भीती वाटली की हृदय जोरात चालते, घाम फुटतो, तोंड कोरडे पडते. हा भित्रेपणा नव्हे. संकटातून पळण्यासाठी तयार झालेल्या शरीराची ही जुनी सवय आहे. तोंडी परीक्षेचे टेबल म्हणजे माझी काचच होती.

मित्रहो, हल्ली संध्याकाळी मी कॉलेजच्या मैदानाला फेऱ्या मारतो. खिशात सात चिंचोके असतात. फेरीगणिक एक टाकतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर श्वास संथ होतो, आवळलेली मूठ आपोआप सुटते. धडधड अजून होतेच, पण आता तिची ओळख पटली आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा माझी यंदाची तोंडी परीक्षा होऊन गेलेली असेल. गुण किती मिळतील ते सांगता येत नाही. जिना मात्र नाव पुकारल्यावर नव्हे, उत्तरे दिल्यावरच उतरायचा, एवढे ठरवले आहे.