व्हिक्टर रेन्यो : अनाथ दुकान-नोकर ते थोर रसायनज्ञ

पिंपरीच्या केबल कारखान्यात तांब्याच्या तारेवर चढणारे आवरण असो की चाकणला जुळणाऱ्या मोटारीतील रंगीत तारांचा जुडगा असो, ते बहुधा पीव्हीसीचे असते. व्हिनाईल क्लोराइड या वायूपासून पीव्हीसी बनते. हा वायू जगात प्रथम सिद्ध करणाऱ्या व्हिक्टर रेन्यो यांचे चरित्र प्रत्येक पालकाने आपल्या पाल्यास सांगावे असे आहे.

रेन्यो यांचा जन्म २१ जुलै १८१० रोजी, तेव्हा फ्रान्सच्या अमलाखालील आखेन येथे झाला. वडील नेपोलियनच्या रशियन मोहिमेत मरण पावले. पाठोपाठ आईही गेली. पोरक्या मुलाने पॅरिसमध्ये कापडाच्या दुकानात चाकरी केली. मिळेल त्या वेळात अभ्यास करून १८३० मध्ये त्यांनी एकोल पॉलितेक्निक या नामांकित संस्थेत प्रवेश मिळविला.

पुढे जर्मनीत लीबिग यांच्या प्रयोगशाळेत काम करीत असता, १८३५ मध्ये, त्यांनी इथिलिन डायक्लोराइड या तेलकट द्रवावर अल्कोहोलमधील कॉस्टिक पोटॅशची क्रिया घडविली. रेणूतून हायड्रोजन व क्लोरीनचा एकेक अणू निघाला. दोन कार्बन अणूंत दुहेरी बंध निर्माण झाला आणि दुसरा क्लोरीन रेणूतच राहिला. हेच व्हिनाईल क्लोराइड. दुहेरी बंधामुळे असे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळी बनू शकते, तीच पीव्हीसी.

१८४० मध्ये गे-ल्युसॅक यांच्या अध्यासनावर त्यांची नियुक्ती झाली. वाफ व वायूंच्या उष्णतेविषयीच्या काटेकोर मापनांमुळे त्यांची कीर्ती झाली; १८६९ मध्ये कोप्ली पदक मिळाले. पण १८७०-७१ च्या युद्धात सेव्हर येथील त्यांची उपकरणे व टिपणे नष्ट झाली. १९ जानेवारी १८७१ रोजी चित्रकार पुत्र आंरी रणांगणावर पडला. सात वर्षांनी, त्याच तारखेस, रेन्यो निवर्तले.

त्यांच्या शोधाचे मोल त्यांच्या हयातीत कोणास कळले नाही. १९२६ मध्ये वाल्डो सेमन यांनी पीव्हीसी मऊ व लवचीक करण्याची युक्ती शोधल्यावर त्याचा उद्योग फोफावला. मात्र १९७४ मध्ये अमेरिकेत या वायूच्या संपर्कातील कामगारांना यकृताचा दुर्मीळ कर्करोग होत असल्याचे उघड झाले, तेव्हा कुठे कारखान्यांतील नियम कडक झाले. ज्ञानाने उद्योग उभे राहतात, परंतु त्या ज्ञानात श्रमिकाच्या जिवाची काळजी नसेल तर ते अपुरे ठरते.

आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत आज रेन्यो यांचेही नाव आहे. पोरकेपण व दारिद्र्य यांच्यावर विद्येने मात करता येते, याची ही अक्षय साक्ष होय.