पक्की सरकारी नोकरी सोडून कॅमेरा धरला!

अभ्यासिकेत बसलेल्या कुठल्याही पोराला विचारा, बांधकाम खात्यात लागलास आणि मग फोटो काढण्यासाठी नोकरी सोडशील का? तो हसेल. घरचे तर हसणारही नाहीत. लाला दीनदयाळ यांनी नेमकं हेच केलं होतं, तेही एकोणिसाव्या शतकात.

त्यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्यातला. घर जैन सराफांचं. शिक्षण रुरकीच्या थॉमसन कॉलेजात, म्हणजे आजच्या आयआयटी रुरकीत. १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून ते रुजू झाले. इमारतींचे नकाशे काढायचे, खर्चाचा अंदाज मांडायचा, असं काम. कॅमेरा हातात आला १८७४ मध्ये, वयाच्या तिशीत. तोपर्यंत फोटोग्राफीचा काही संबंध नव्हता. त्यामुळे पंचविशीतच आपलं वय निघून गेलं असं वाटणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही.

तेव्हा फोटो काढणं म्हणजे अंगमेहनत. काचेवर रसायन लावायचं, काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत धुवायची. म्हणजे अंधारी खोलीसुद्धा तंबूच्या रूपात सोबत न्यायची. पुढे तयार कोरड्या काचा बाजारात आल्या आणि फिरणं सोपं झालं. प्रिंट निघायची ती अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर. आपण एका सहलीत चारशे फोटो काढतो आणि एकही नीट बघत नाही, ते इथे आठवतंच.

इंदूरचे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारतातले इंग्रज अधिकारी यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं. १८८२ मध्ये लेपल ग्रिफिन या अधिकाऱ्याबरोबर त्यांनी बुंदेलखंड पालथा घातला. किल्ले, देवळं, राजवाडे टिपले. हे काम पुरं करायला लांब रजा घेतली आणि शेवटी नोकरीच सोडली. ड्राफ्ट्समनची नजर मात्र सुटली नाही. त्यांच्या इमारतींचे फोटो बघा, खांब कुठे कललेला दिसणार नाही. उंची कळावी म्हणून पायरीवर एखादा माणूस उभा केलेला असतो. मला स्वतःला त्यांच्या दरबारी फोटोंपेक्षा हे जास्त आवडतात.

आता आपल्याकडे येऊ. हिंगोली स्टेशनची पाटी बघितलीये ना? त्यावर हिंगोली डेक्कन लिहिलंय, जसं हैदराबादच्या स्टेशनला हैदराबाद डेक्कन म्हणतात. हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता आणि १९०३ पर्यंत हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी होती. १७ सप्टेंबरच्या भाषणांत आपण ज्याचं नाव ऐकतो तो सातवा निजाम, मीर उस्मान अली खान. त्याचे वडील, सहावे निजाम महबूब अली खान यांनी १८८५ च्या सुमारास दीनदयाळांना दरबारी फोटोग्राफर नेमलं.

स्टुडिओ सिकंदराबादला थाटला. तिथे इंग्रजांचं मोठं लष्करी ठाणं, त्यामुळे गिऱ्हाइकांची कमी नव्हती. दरबार, मेजवान्या, वाघाची शिकार, फलकनुमा महालातली दालनं, वेरूळ, दौलताबाद, सगळं काचेवर उतरलं. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीकडून नेमणूक मिळाली. १८९२ मध्ये हैदराबादला फक्त बायकांसाठी स्टुडिओ निघाला. पडद्यातल्या बायका परक्या पुरुषापुढे बसायच्या नाहीत, म्हणून कॅमेरा एका इंग्रज बाईच्या हाती दिला. भारी डोकं! १८९४ मध्ये निजामाने राजा बहादुर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. दोन वर्षांनी मुंबईतही शाखा निघाली. या टप्प्यावर दीनदयाळ हे एका माणसाचं नाव उरलं नव्हतं. मुलं होती, पगारी फोटोग्राफर होते. राजा दीनदयाळ अँड सन्स असा शिक्का दिसला तर बटण दाबणारा हात त्यांचाच असेल असं धरून चालू नका.

थोरला मुलगा धरमचंद १९०४ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९०५ मध्ये, दीनदयाळ गेले. दुसरा मुलगा ग्यानचंद याने काही वर्षं धंदा चालवला, मग उतरती कळा लागली. तरी घरच्यांनी काचा सांभाळल्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने वंशजांकडून २,८५७ निगेटिव्ह काचा घेतल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. एवढ्या काचा शाबूत राहिलेला त्या काळातला भारतीय स्टुडिओ विरळाच, म्हणून अभ्यासकांना त्यांचं मोल. छापील प्रिंट कापून, रंगवून सजवता येते. काचेवर मात्र कडेला उभा नोकर, पाठीमागचा ताणलेला पडदा, सगळं राहतं.

पण मराठवाड्यातल्या माणसाने शोधावा असा संग्रह दिल्लीत नाही. १८९९-१९०० मध्ये इथे भीषण दुष्काळ पडला. तेव्हाच्या औरंगाबादमध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, निजाम सरकारने मदतीची कामं काढली. त्यांचे फोटो काढायचं काम आलं याच स्टुडिओकडे. एका फोटोत लंगोट लावलेल्या तरुणांचा गट आहे. पार खंगलेले, हाडांवर फक्त कातडी. आपल्याच वयाचे असावेत. शिकारीचा गट जसा रचून उभा करतात, तसंच यांनाही उभं केलंय. फोकस तितकाच स्वच्छ. दरबारातल्या सरदाराचं नाव फोटोखाली येतं, हे मात्र नुसते दुष्काळग्रस्त. दीनदयाळांना ते बघून काय वाटलं असेल हे चेहऱ्यांवरून कळत नाही, कारण चेहरे त्यांचे नाहीत. त्यांना मोबदला मिळत होता निजामाकडून, आणि अल्बमच्या नावातही कौतुक आहे ते निजामाच्या सत्कार्याचंच.

तो अल्बम व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या संग्रहात गेला. १९०२ मध्ये हाच कर्झन निजामाच्या राज्यात शिकारीला आला होता. मारलेल्या वाघामागे बायकोसोबत उभा असलेला त्याचा फोटो दीनदयाळांचाच, आणि तो जगभर छापला जातो. औरंगाबादचे ते तरुण लंडनला, ब्रिटिश लायब्ररीत आहेत.